मिठात मुरलेली लाल गाडी: कॉलिनाइट ८४५ वॅक्स आणि ओएनआर वॉश, एका हिवाळ्यानंतर

नवऱ्याचं म्हणणं होतं, पांढरी घे, मिठाचे डाग पांढऱ्यावर दिसत नाहीत. त्याचं काही चुकत नव्हतं. पण आठ वर्षं कुणाचीतरी वापरलेली राखाडी गाडी चालवली की माणसाला रंगाची भूक लागते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझदा सीएक्स-५ दारात आली, तीही सोल रेड क्रिस्टल. या रंगाचे वेगळे पैसे पडतात. उन्हात ओलं कुंकू, सावलीत कोकमाचं आगळ. खाली चकचकीत कणांचा थर, त्यावर पारदर्शक लाल, त्यावर क्लिअर कोट म्हणजे रंग नसलेला पारदर्शक लेप, अशी तीन पदरी बनावट. म्हणजे ओरखडा खोल गेला तर टचअपच्या बाटलीनं रंग जुळवणं महाकठीण. हे आधी कळलं असतं तरी मी हीच घेतली असती म्हणा.

मी कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागात राहते आणि आठवड्यातले चार दिवस ४०१ हायवेनं मिल्टनला कामाला जाते. नोव्हेंबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत हा रस्ता म्हणजे लोणच्याची बरणी. कैरी मुरावी तशी गाडी मुरते. इथल्या रस्त्यांवर पडणारं बरंच मीठ गॉडरिचहून येतं. तिथे ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली साधारण साडेपाचशे मीटरवर खाण आहे, जमिनीखालच्या मिठाच्या खाणींमध्ये जगातली सगळ्यात मोठी. १८६६ साली तिथे खणत होते तेलासाठी, लागलं मीठ. मी रत्नागिरीची. मिठागरं पाहिलेली, मिऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यानं खिडकीचे गज खाल्लेले पाहिलेले. पण मीठ ट्रकनं रस्त्यावर ओततात हे पहिल्या वर्षी पाहिलं तेव्हा मी फोनवर अण्णांना सांगितलं आणि त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

आधी विक्रेत्याकडची गोष्ट सांगते, कारण पुढचा सगळा खटाटोप तिथूनच सुरू झाला. सह्या करायच्या छोट्या खोलीत एका गृहस्थांनी माझ्यासमोर 'पेंट प्रोटेक्शन'चं चकचकीत पत्रक ठेवलं. सोळाशे डॉलर, पण 'हप्त्यात धरलं तर महिन्याला फक्त तीसेक'. मी विचारलं, नक्की काय लावता? संरक्षक थर. कशाचा? खास फॉर्म्युल्याचा. कोण लावतं, किती वेळ लागतो, आधी रंग साफ करता का? त्यांनी पत्रक उलटं करून मागची बाजू दाखवली. तिथे एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो होता. मी नको म्हटलं. चांगलं सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर कडक होऊन बसणारा टिकाऊ थर, वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. जाणकार माणसाकडून, एक दिवस गाडी ठेवून, नीट घासूनपुसून करून घेतलं तर ते टिकतंही. पण जो काय लावतो तेच सांगू शकत नाही, त्याला सोळाशे डॉलर?

त्याऐवजी मी जे घेतलं ते असं: कॉलिनाइट ८४५ वॅक्सची एक बाटली, ऑप्टिमम नो रिन्स म्हणजे ओएनआरची (नंतर पाण्यानं खळबळावं न लागणाऱ्या गाडी धुण्याच्या द्रवाची) एक बाटली, लोखंडाचे कण काढायचा फवारा, चोवीस मायक्रोफायबर टॉवेल, एक झाकणाची बादली, एक हातपंपाचा फवारणी डबा. सगळं मिळून दीडशे डॉलरच्या आसपास. त्यात सगळ्यात महाग टॉवेल निघाले.

नवी गाडी म्हणजे स्वच्छ गाडी हा माझा पहिला गैरसमज. चॅसिस नंबराच्या पट्टीवर सुरुवातीलाच इंग्रजी 'J' हे अक्षर आहे, म्हणजे जपानात बनलेली. जहाजातून आली, मग रेल्वेच्या डब्यातून इतका मोठा देश ओलांडला. रुळांवर चाकं घासून लोखंडाची जी बारीक धूळ उडते ती रंगात रुतून बसते आणि ओल मिळाली की तिचे तांबूस ठिपके होतात. मिल्टनला एका मैत्रिणीच्या ड्राइव्हवेवर गाडी धुतली आणि फवारा मारला. हा फवारा लोखंड लागलं की जांभळा होतो. लाल रंगावर जांभळं नीट कळत नव्हतं, पण खाली काँक्रीटवर ओघळ पडायला लागले तेव्हा मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझ्या गाडीला जांभळं झालीत!" वासाचं सांगत नाही. सडकी अंडी आठवा. तिचा मुलगा घरात पळून गेला.

मग कॉलिनाइट. हे न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावच्या जुन्या कंपनीचं द्रवरूप वॅक्स, कार्नोबा हे झाडाच्या पानांचं मेण आणि पॉलिमर यांचं मिश्रण. त्याचं नाव 'इन्सुलेटर वॅक्स' आहे आणि ते जाहिरातबाजीतून आलेलं नाही. विजेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर ओल आणि घाण बसली की वीज उसळून पुरवठा बंद पडतो, तो टाळायला हे लावायचे. मला नेमकं हेच आवडलं. जे खांबावर, उघड्यावर, वाऱ्यापावसात टिकावं म्हणून केलंय त्याला गाडीच्या बॉनेटचं काय कौतुक?

लावायची पद्धत सोपी आहे, पण हात आवरता यायला हवा. फोमच्या चकतीवर नाण्याएवढं घ्यायचं आणि अर्धा दरवाजा त्यातच पुरवायचा. जाड लावलं की ते वाळून चिकटतं आणि काढताना खांदे भरून येतात. डाव्या बाजूच्या मागच्या दारावर मी पहिलंच म्हणून सढळ हातानं लावलं, पुरणपोळीवर तूप घालावं तसं, आणि ते पुसताना अक्षरशः देव आठवले. बाकीच्या दारांवर तो प्रश्न आला नाही. थोडं धुरकट झालं की कोऱ्या टॉवेलनं पुसायचं, पुन्हा टॉवेल उलटून एक हात फिरवायचा. वास टर्पेंटाइनच्या जवळचा, त्यामुळे दार उघडं ठेवा. हवा त्या दिवशी चौदा अंश होती. अख्ख्या गाडीला अडीच तास लागले, त्यातला अर्धा तास चहाचा.

एक सूचना मोठ्यानं करते. या गाडीला चाकांच्या कमानीभोवती आणि दारांच्या खाली काळं खरबरीत प्लॅस्टिक आहे. त्याला वॅक्स लागू देऊ नका. माझं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथे पांढरे फराटे उमटले, भस्म लावल्यासारखे. जुना टूथब्रश आणि साबण घेऊन दोनदा घासलं तेव्हा गेले. चूक वॅक्सची नाही, घाई माझी. आता मी आधी कडेनं निळी चिकटपट्टी लावते.

पहिला पाऊस पडला तेव्हा मी खाली जाऊन उगीच पाच मिनिटं उभी राहिले. बॉनेटवर पाण्याचे थेंब अळवाच्या पानावर असतात तसे गोल, टपोरे. गाडी वळली की सगळे एका बाजूला घरंगळत होते. सासूबाईंना व्हिडिओ पाठवला. त्यांनी विचारलं, गाडी दिसत नाहीये, हे काय आहे?

आता मुद्द्याचं. मला आधी वाटायचं मीठ रंग खातं. तसं ते फारसं खात नाही. क्लिअर कोट धड असेल तर मीठ वर बसून राहतं, कुरूप दिसतं, बस. मीठ खातं ते पत्र्याला, जिथे रंग उडालाय तिथे आणि गाडीच्या पोटाला. रंगाचं नुकसान आपण करतो, पुसताना. क्लिअर कोट सगळा मिळून चाळीसपन्नास मायक्रॉन असतो, साध्या कागदाच्या निम्मा. त्यावर मिठाचे खडे, वाळू, खडीची पूड यांचा लेप, आणि त्यावरून आपण कोरडं फडकं फिरवतो. पॉलिश पेपरच तो.

हे मला पुस्तकी नाही, घरातच शिकायला मिळालं. नोव्हेंबरच्या शेवटी एकदा मागचा कॅमेरा मिठानं माखून आंधळा झाला. नवऱ्यानं कॉफीबरोबर आलेला कागदी नॅपकिन घेतला, कॅमेरा पुसला, आणि चांगुलपणाच्या भरात डिकीचा हातभर भागही लख्ख करून टाकला. मला फोटो पाठवला, शाबासकीसाठी. संध्याकाळी टॉर्च मारून पाहिलं तर तिथे कोळ्याचं जाळं. अजून आहे. एप्रिलच्या तिरप्या उन्हात दिसतं. आम्ही त्याबद्दल आता बोलत नाही.

म्हणूनच बिनापाण्याच्या, अर्थात कमी पाण्याच्या धुण्याला इतकं महत्त्व. आमच्या इमारतीत तळघरात पार्किंग आहे, हवा दहाबारा अंश. पाइप लावायला बंदी, पण बादली चालते, हे मी ऑफिसात जाऊन विचारून घेतलं. ओएनआर इथे कामाला येतं. सात-साडेसात लिटर कोमट पाण्यात तीस मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या झाकणानं दोनतीन झाकणं. निळसर पाणी, फेस जवळजवळ नाही. पहिल्यांदा विश्वासच बसत नाही. फेसाशिवाय स्वच्छता होते हे पटायला आपल्या पिढीला जड जातं. यातली पॉलिमर घाणीच्या कणांना लपेटून घेतात, त्यामुळे कण रंगावर न घासता फडक्यात उचलले जातात, आणि नंतर धुवून काढायची गरज उरत नाही.

मी करते ते असं. आठ टॉवेल बादलीत भिजवून ठेवते. फवारणी डब्यात तेच पाणी. एका दारावर आधी भरपूर फवारा, दोन मिनिटं मुरू द्यायचं. मग चार घडीचा ओला टॉवेल वरून खाली, एकाच दिशेनं, दाब अजिबात नाही, बाळाचं अंग टिपतो तेवढाच. घडी पलटायची, पुढचा भाग. एका टॉवेलला आठ बाजू मिळतात. वापरलेला टॉवेल बादलीत परत नाही, वेगळ्या पिशवीत. हा नियम मोडला की सगळंच मुसळ केरात. खालच्या पट्टीला सगळ्यात शेवटचा टॉवेल, आणि तो नंतर चाकांच्या कामाला बढती. पाऊण तासात गाडी होते, जमिनीवर डबकं होत नाही. शेजारच्या जागेवर गाडी लावणारे एक पंजाबी आजोबा पहिल्या दिवशी बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, बेटा, पाणी कुठाय? आता ते माझ्याकडून महिन्याला एक औषधाची बाटलीभर ओएनआर घेऊन जातात आणि बदल्यात पिन्नी म्हणजे पंजाबी लाडू देतात. हिशेबात मीच फायद्यात आहे.

पण जेव्हा मिठाचा लेप बोटानं नाव लिहिता येईल इतका जाड असतो, तेव्हा बादलीच्या वाटेला जाऊ नये. ओएनआर कितीही गुणी असलं तरी खडे ते खडेच. तेव्हा आधी कॉइन वॉश, म्हणजे नाणी टाकून आपली आपण गाडी धुवायची जागा.

कॉइन वॉशचा शनिवार हा मिसिसागातला एक वेगळाच मेळा. तापमान मायनस चारच्या वर गेलं की अख्खं गाव रांगेत. टूनी म्हणजे दोन डॉलरची नाणी टाकत राहायचं आणि घड्याळ पळत असतं, त्यामुळे आधी काय, नंतर काय हे डोक्यात पक्कं असावं लागतं. माझं ठरलेलं आहे: पैसे टाकायच्या आधीच पायदानं काढून ठेवायची. मग बंदूक पहिली चाकांच्या कमानीत, प्रत्येक कमानीत सावकाश, वरपर्यंत. आत चिखल आणि मीठ यांचा भाजणीसारखा गोळा बसलेला असतो, तो पडला की धप्प आवाज येतो. मला त्या आवाजाचं व्यसन लागलंय. मग गुडघ्यावर बसून दारांच्या खालच्या कडा आणि पोट. मग वरची बाजू. तिथे एक फेसाचा ब्रश टांगलेला असतो, त्याला मी हात लावत नाही, कारण माझ्या आधीच्या माणसानं त्यानं आपल्या ट्रकची चाकं घासलेली मी स्वतः पाहिली आहेत.

जानेवारीत एकदा उत्साहाच्या भरात मायनस बाराला धुऊन आणली. दुपारपर्यंत मॉलबाहेर उभी. मागची दोन्ही दारं गोठून बंद. लेक पुढच्या सीटवरून रांगत मागे गेली आणि तिला ते इतकं आवडलं की पुढचे चार दिवस ती तशीच चढत होती. तेव्हापासून धुतल्यावर मी चारही दारं आणि डिकी उघडून रबराच्या कडा पुसते, आणि महिन्यातून एकदा त्यांना सिलिकॉनचा हात देते. मायनस आठच्या खाली धुवायला जातच नाही. मीठ राहिलं तर राहू दे.

'राहू दे' यालाही आधार आहे. आमच्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच इथे गाडीखाली होतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि ओलं मीठच गंजवतं. कडाक्याच्या थंडीत बाहेर उभी असलेली गाडी त्यामानानं हळू गंजते. ऊबदार तळघरात मिठासकट नेऊन ठेवलेली लवकर. म्हणजे ज्या तळघराचे मी कॉन्डोला जास्तीचे पैसे भरते तेच पत्र्याला घातक. म्हणून वरचा रंग पंधरा दिवस न धुता गेला तरी चालतो, पोट धुवायचं टाळू नये.

पोटाला तेल मारून घेतलं ते नोव्हेंबरातच. इथे दरवर्षी गाडीखाली गंजरोधक तेल फवारून घ्यायची रीत आहे. ज्या दुकानात नेली तिथे काम चोख झालं, पण दोन दिवस गाडी ठिबकेल हे कुणी सांगितलं नाही, आणि तळघराच्या फरशीवरच्या डागांबद्दल मला इमारतीकडून चिठ्ठी आली. आता खाली पुठ्ठे घालते. अण्णांना हे सांगितलं तर ते खूश. दर मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस लागायच्या आत, ते स्कूटर आडवी करून तिच्या पोटाला गॅरेजमधून आणलेलं काळं जळकं ऑइल चोपडायचे, आई ओरडायची, अंगणात डाग पडतात म्हणून. "मग कॅनडात जाऊन काय नवीन शिकलीस गो?" असं त्यांनी मला विचारलं.

कॉलिनाइटकडे परत येते. जानेवारीत चारपाच दिवस हवा शून्याच्या वर गेली तेव्हा दुसरा हात मारायचा ठरवला. बाटली तळघरातल्या कपाटात होती. दाबली तर काही येईना. उलटी केली, हलवली, काही नाही. क्षणभर वाटलं वाया गेली. मग एकदम ओळख पटली. आमच्या बाथरूममध्ये खोबरेलाची निळी बाटली बारा महिने अशीच असते. भांड्यात गरम पाणी घेतलं, बाटली दहा मिनिटं उभी केली, खळखळून हलवली, आणि पुन्हा दुधासारखं पातळ. थंडीत थिजणं हा तिचा स्वभावच आहे, माल काही बिघडत नाही. लेक विचारत होती, गाडीच्या केसांना तेल लावणार का?

दुसऱ्या हातानंतर मार्चच्या मध्यापर्यंत टपावर आणि बॉनेटवर थेंब व्यवस्थित उभे राहत होते. दारांच्या खालच्या अर्ध्या भागात मात्र फेब्रुवारीतच पाणी पसरायला लागलं. तिथे चाकांचा मारा थेट असतो, त्यामुळे तक्रार नाही, पण पुढच्या वर्षी तेवढ्या भागाला मी डिसेंबरातच जास्तीचा हात देईन. आणि वॅक्समुळे गाडी स्वच्छ राहते असं कुणी सांगितलं तर हसा. धुतल्यानंतर दोन दिवसांत ती पुन्हा राखाडी होते, राणीची दासी. फरक पडतो तो धुताना. मीठ पाण्याच्या पहिल्या झोतातच सुटतं, फडक्याला काम कमी उरतं, आणि फडक्याला काम कमी हीच तर सगळी धडपड.

खड्यांपुढे दोन्ही बाटल्या हतबल. ४०१ वर ट्रकच्या मागे एक सेकंद जास्त राहिले आणि बॉनेटवर टिचकी बसली, तांदळाच्या कणीएवढी, खाली पांढुरकं दिसणारी. त्याला वॅक्स काय करणार? टचअपची बाटली आणली, रंगाचा क्रमांक ४६व्ही, दाराच्या आतल्या स्टिकरवर असतो. टूथपिकच्या टोकानं एक थेंब, वाळला की दुसरा. दोन हातांवरून दिसत नाही. वीतभर अंतरावरून मला दिसते. बॉनेटला पारदर्शक फिल्म लावून घ्यायला हवी होती का, हा वाद आमच्या घरात अजून चालू आहे आणि नवऱ्यानं नॅपकिनमुळे त्यात बोलायचा अधिकार गमावलेला आहे.

बर्फ झाडण्याबद्दल एवढंच की केसाळ ब्रश रंगावर नको, फोमचा घ्या, आणि शेवटचा बोटभर थर तसाच सोडून द्या. चालती गाडी तो आपोआप टाकते. टपावरचा मात्र सगळा काढा, मागच्याच्या काचेवर पडतो.

गुण द्यायचे तर कॉलिनाइटला पाचात साडेचार, आणि अर्धा कापलाय तो फक्त वासासाठी. ओएनआरला पाच, पण ते पाच गुण टॉवेल बदलत राहणाऱ्यालाच मिळतात, एकाच फडक्यानं अख्खी गाडी पुसणाऱ्याला दोन. गेल्या रविवारी एप्रिलचा पहिला धड पाऊस झाला. मी तिसरा हात मारायला बाटली काढली, उजेडात धरून पाहिली. निम्म्याहून जास्त भरलेली आहे. आजोबा विचारत होते, ही पण थोडी मिळेल का. पिन्नीचा डबा हातातच होता त्यांच्या.